आधी जाहिरात वाचा

अंधेरी पूर्वेला, सहारच्या एअर कार्गो संकुलाच्या आसपास, मरोळ–साकीनाका–चकाला या पट्ट्यात मालवाहतुकीची आणि कस्टम्स क्लिअरन्सची पुष्कळ ऑफिसं आहेत. अशा ऑफिसातून 'डॉक्युमेंटेशन एक्झिक्युटिव्ह पाहिजे' अशी जाहिरात निघते, तेव्हा मागणी बहुतेक वेळा ठरलेली असते. एअरवे बिल आणि शिपिंग बिलाचं काम यावं, कस्टम्सच्या आइसगेट पोर्टलची सवय असावी, इंग्रजीत मेल लिहिता यावेत, विमानाच्या वेळेप्रमाणे कधी उशिरापर्यंत थांबायची तयारी असावी. या जाहिरातीला येणारे अर्ज मात्र सुरू होतात 'करिअर ऑब्जेक्टिव्ह'ने: आव्हानात्मक वातावरणात काम करून संस्थेची आणि स्वतःची प्रगती साधायची आहे. त्याखाली वडिलांचं नाव, जन्मतारीख, वैवाहिक स्थिती, धर्म, राष्ट्रीयत्व. मग दहावीपासूनची टक्केवारी. छंद: वाचन आणि संगीत ऐकणे. तळाशी वरील सर्व माहिती खरी असल्याची घोषणा आणि सही. एअरवे बिलाचा उल्लेख कुठेच नाही, मग उमेदवाराने दोन वर्षं तेच काम केलेलं का असेना.

स्टेशनबाहेरच्या डीटीपीच्या दुकानांत हा साचा तयारच असतो. नाव बदलायचं, मार्क बदलायचे, प्रिंट काढायची. दुकानदाराला दोष देण्यात अर्थ नाही, कारण त्याच्यासमोर जाहिरात कुणी ठेवतच नाही. आणि जाहिरात समोर नसेल तर कितीही सुबक कागद काढला तरी तो कुणालाच उद्देशून नसतो. नोकरीचा अर्ज हे त्या जाहिरातीला दिलेलं उत्तर असतं. प्रश्न न वाचता उत्तर लिहायचं, ही आपल्याकडची सर्वांत मोठी चूक आहे आणि ती घडण्यामागे एक इतिहास आहे.

मुंबईतल्या मराठी घरांनी दोन पिढ्या नोकरी मिळवली ती फॉर्म भरून. बँक, महापालिका, रेल्वे, पोस्ट, एलआयसी. १९५९ च्या कायद्याने सरकारी कार्यालयांना, तसंच २५ किंवा अधिक माणसं असलेल्या खासगी आस्थापनांना रिकाम्या जागा एम्प्लॉयमेंट एक्स्चेंजला कळवणं बंधनकारक केलं. त्या कायद्यात नेमणूक तिथूनच करण्याची सक्ती नव्हती, तरी घराघरांत एक्स्चेंजचं कार्ड काढलं जाई, वेळेवर नूतनीकरण केलं जाई आणि 'कॉल' येण्याची वाट पाहिली जाई. फॉर्ममधल्या चौकटी सगळ्यांना सारख्या. त्यात काय लिहायचं हे सरकार ठरवतं. काय वगळायचं हे उमेदवाराच्या हातात नसतं. सरकारी भरतीत आजही हेच आहे आणि ते योग्यच आहे. तिथे पात्रता तपासली जाते, परीक्षा होते, गुणवत्ता यादी लागते. मराठी ३० आणि इंग्रजी ४० शब्द प्रतिमिनिट असं टायपिंगचं प्रमाणपत्र मागितलं असेल तर ते आहे किंवा नाही, एवढाच प्रश्न. तिथे स्वतःहून काही सजवून लिहायला गेलं तर अर्ज बाद होण्याचीच भीती.

उपनगरांतली नोकरी मात्र त्या चौकटीतून केव्हाच बाहेर पडली. १९७३ मध्ये अंधेरीला सीप्झ हे निर्यात प्रक्रिया क्षेत्र सुरू झालं. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला, आणि त्यानंतर शहराचा रोजगार यंत्रावरून टेबलाकडे सरकण्याचा वेग वाढला. गोरेगावात जिथे नायलॉनचा धागा निघायचा त्या निर्लॉनच्या आवारात आज नॉलेज पार्क आहे. शेजारच्या नेस्कोच्या इंजिनिअरिंग कारखान्याच्या जागी प्रदर्शनाचे हॉल आणि आयटी पार्क. मालाडला माइंडस्पेस, पवईला हिरानंदानी, भांडुप–मुलुंडच्या लालबहादूर शास्त्री मार्गावर कारखान्यांच्या जागी मॉल आणि ऑफिसच्या इमारती. इथल्या हजारो लहानमोठ्या ऑफिसांपैकी प्रत्येकाची गरज वेगळी आहे. हॉस्पिटलच्या कॅशलेस डेस्कला जे हवं ते जाहिरात एजन्सीच्या बिलिंग विभागाला नको असतं. तरीही आपण या सगळ्यांना एकच कागद पाठवतो, जणू सगळीकडे तोच छापील फॉर्म आहे.

आता एक उदाहरण जवळून पाहू. समजा, मुलुंडची एक मुलगी आहे. बी.कॉम. झालेली, भांडुपच्या एका औषध वितरकाकडे दोन वर्षं नोकरी केलेली. तिच्या सीव्हीत त्या दोन वर्षांबद्दल एकच ओळ आहे: 'हँडलिंग अकाउंट्स अँड बिलिंग वर्क'. ही ओळ मुंबईतले लाखभर लोक लिहू शकतील. तिला विचारलं की सकाळी ऑफिसला पोहोचल्यावर पहिलं काय करायचीस, तर खरा ऐवज बाहेर येतो. रोज पन्नासेक विक्रीची बिलं टॅलीत घालायची. महिनाअखेरीला खरेदीची बिलं जीएसटीआर-२बीशी ताडून पाहायची. दोन बँक खात्यांचा मेळ घालायचा. मेडिकल दुकानदारांना फोन करून थकलेली रक्कम वसूल करायची. मुदत संपलेल्या औषधांच्या क्रेडिट नोट काढायच्या. मालकाला दर सोमवारी एक्सेलमध्ये थकबाकीचा तक्ता द्यायचा.

घाटकोपरच्या एका व्यापारी फर्मला अकाउंट्स असिस्टंट हवा आहे आणि जाहिरातीत 'टॅली, जीएसटी आवश्यक' असं आहे. तर तिच्या कागदावर सर्वांत वर २बीचा ताळा यायला हवा. का, तर १ जानेवारी २०२२ पासून पुरवठादाराने भरलेलं बिल २बीमध्ये दिसल्याशिवाय खरेदीवरच्या कराचं क्रेडिट घेता येत नाही. एका पुरवठादाराचं विवरणपत्र भरायचं राहिलं की मालकाचे पैसे अडकतात. ते वेळेत कोण शोधतं? अकाउंट्स असिस्टंटच. म्हणून 'दरमहा सुमारे २०० खरेदी बिलांचा जीएसटीआर-२बीशी ताळा, तफावतीसाठी पुरवठादारांकडे पाठपुरावा' ही ओळ मालकाच्या नेमक्या काळजीवर बोट ठेवते. 'जीएसटीचे ज्ञान' या शब्दांतून तसं काहीच होत नाही.

हीच मुलगी मुलुंडच्या एखाद्या हॉस्पिटलात टीपीए डेस्कसाठी अर्ज करते तेव्हा २बी खाली जातो. तिथे विमा कंपनीकडून मंजुरी आणायची असते, कागद अपुरे असतील तर पाठपुरावा करायचा असतो, आणि घाबरलेल्या नातेवाइकांशी नीट बोलायचं असतं. मग वर येतात ते थकबाकीचे फोन, औषधांच्या नावांची ओळख, क्रेडिट नोटांमधला काटेकोरपणा, आणि मराठी, हिंदी, गुजरातीत बोलता येणं. तिसरी जाहिरात एमआयएस एक्झिक्युटिव्हची असेल तर सोमवारचा तो एक्सेलचा तक्ता पुढे येतो: किती ओळींचा होता, पिव्होट टेबल वापरलं का, व्हीलुकअप की एक्सलुकअप, आणि तो पाहून मालक काय ठरवायचे. तिन्ही कागदांत एकही गोष्ट खोटी नाही. नोकरी तीच आणि दोन वर्षंही तीच, बदलला तो फक्त क्रम. मला वाटतं, बऱ्याच जणांना हे करताना अपराधी वाटतं ते इथेच. आपण काहीतरी लपवतोय, वाढवून सांगतोय असं त्यांना वाटतं. पण समोरच्याला जे ऐकायचं आहे ते आधी सांगणं ही साधी रीत आहे, आणि त्याच्या वेळेची कदरही.

खोटं लिहिणं ही वेगळी गोष्ट, आणि तिथे अजिबात तडजोड नको. अनुभवाचे बनावट दाखले विकणारे लोक शहरात आहेत. पण २०१४ पासून भविष्य निर्वाह निधीच्या प्रत्येक सभासदाला यूएएन क्रमांक मिळतो, आणि आधीच्या प्रत्येक नोकरीत रुजू झाल्याची व सोडल्याची तारीख त्या क्रमांकाशी जोडलेली राहते. मोठ्या कंपन्यांची पडताळणी करणाऱ्या संस्था ही नोंद मागतात. कागदावर तीन वर्षं आणि नोंदीत दीड, किंवा एकाच काळात दोन नोकऱ्या असं निघालं की ऑफर लेटर हातात असूनही नोकरी जाते. लहान ऑफिसात पीएफ कापला जात नसेल, तर नेमणुकीचं पत्र, पगार जमा झाल्याचं बँक स्टेटमेंट आणि काम सोडल्याचं पत्र जपून ठेवावं. पगार रोख मिळत असेल तर मालकाकडून निदान लेटरहेडवर चार ओळी आणि शिक्का घ्यावा. नोकरी सोडल्यावर हे मागणं अवघड होतं.

अर्ज माणसाच्या आधी यंत्र वाचतं, हे आता सगळ्यांनी ऐकलं आहे, पण त्याबद्दल नको तितकी भीती पसरली आहे. नोकरी डॉट कॉम १९९७ मध्ये सुरू झालं. आज एचआरवाले तिथल्या साठ्यात शब्द टाकून शोध घेतात. अकाउंट्ससाठी 'टॅली', 'जीएसटी', 'टीडीएस', 'रिकन्सिलिएशन'. शिवाय अनुभवाची वर्षं, ठिकाण, अपेक्षित पगार, नोटीस पिरियड यांच्या गाळण्या लावतात. म्हणजे तुमच्या कागदात तो शब्द नसेल तर तुम्हाला कुणी नाकारलेलं नसतं, तुम्ही दिसलेलेच नसता. जाहिरातीत जो शब्द आहे तोच, त्याच स्पेलिंगने आपल्या कागदात यावा. पण जे काम खरोखर केलंय त्याच कामाच्या ओळीत. तळाशी पंचवीस शब्दांचा ढीग लावला तर मुलाखतीत त्यातल्या कुठल्याही शब्दावर प्रश्न येऊ शकतो.

दुसरी अडचण सजावटीची. दोन रकाने, रंगीत पट्ट्या, कौशल्याला पाचपैकी चार तारे, फोनच्या जागी चित्र. असे सुंदर साचे मोफत मिळतात. पण यंत्र त्या पानातला मजकूर उचलताना डाव्या आणि उजव्या रकान्याची सरमिसळ करू शकतं, हेडरमधला फोन नंबर गाळू शकतं. आणि कागदाचा फोटो काढून केलेल्या पीडीएफमध्ये तर वाचण्याजोगं अक्षरच नसतं. तपासायची एक सोपी युक्ती आहे: आपली पीडीएफ उघडा, सगळा मजकूर कॉपी करा आणि साध्या नोटपॅडमध्ये पेस्ट करा. तिथे ओळी ज्या क्रमाने दिसतील, साधारण त्याच क्रमाने यंत्रालाही दिसतात. नाव गायब असेल, कंपनी एकीकडे आणि तारखा भलतीकडे गेल्या असतील, तर एका रकान्याचा साधा कागद करावा.

नावाचीही एक खास इथली गोष्ट. आपल्या दहावीच्या आणि विद्यापीठाच्या गुणपत्रिकांवर आडनाव आधी येतं; पोर्टलला आधी स्वतःचं नाव हवं असतं. पॅन कार्डावरही क्रम वेगळा असू शकतो. लग्नानंतर नाव बदललेल्या स्त्रियांच्या बाबतीत गुंता आणखी वाढतो, कारण पदवी माहेरच्या नावाने असते आणि बँक खातं सासरच्या. पॅन आणि बँकेत जे आहे तेच नाव कागदाच्या माथ्यावर द्यावं आणि शिक्षणाच्या ओळीत 'पदवीवरील नाव' म्हणून दुसरं नमूद करावं. पडताळणीच्या वेळचे चार मेल वाचतात.

आता त्या वरच्या चौकटीकडे, म्हणजे वडिलांचं नाव, धर्म, जात, वैवाहिक स्थिती, घराचा पूर्ण पत्ता यांच्याकडे येऊ. खासगी ऑफिसच्या पहिल्या अर्जात यातल्या एकाचीही गरज नसते. अर्थतज्ज्ञ सुखदेव थोरात आणि अमेरिकेतले समाजशास्त्रज्ञ पॉल अटवेल यांनी २००५ च्या ऑक्टोबरपासून ६६ आठवडे एक प्रयोग केला. इंग्रजी वृत्तपत्रांतल्या खासगी नोकऱ्यांच्या ५४८ जाहिरातींना त्यांनी एकूण ४,८०८ अर्ज पाठवले. पात्रता सारखी, फरक फक्त नावाचा: उच्चवर्णीय हिंदू, दलित किंवा मुस्लिम. सारख्याच पात्रतेच्या अर्जाला पुढच्या टप्प्यासाठी बोलावणं येण्याची संधी दलित नावाला उच्चवर्णीय नावाच्या साधारण दोन तृतीयांश निघाली आणि मुस्लिम नावाला एक तृतीयांश. हा अभ्यास २००७ मध्ये मुंबईतूनच निघणाऱ्या 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली'त आला. हा दोष उमेदवाराचा नाही, आणि कागद कितीही चांगला लिहिला तरी तो पुरता धुऊन निघत नाही. नाव तर लिहावंच लागतं. पण समोरच्याच्या मनातल्या पूर्वग्रहाला आपल्या हाताने जास्तीचं खाद्य कशाला द्यायचं? धर्म, जात, 'विवाहित, दोन मुले' हे सगळं खुशाल काढून टाकावं. जातीचा दाखला सरकारी भरतीत लागतो, तिथे तो हक्काने जोडावा.

पत्त्याचं थोडं वेगळं आहे. खोली नंबर आणि चाळीचं नाव नको, पण उपनगर जरूर लिहावं, कारण मुंबईत 'कुठे राहता?' हा कामाचाच प्रश्न आहे. रोज दोन लाइन बदलून येणारा माणूस सहा महिन्यांत सोडून जाईल, ही धास्ती मालकाला असते. २०१४ च्या जूनमध्ये वर्सोवा–अंधेरी–घाटकोपर मेट्रो सुरू झाल्यापासून मध्य रेल्वेवरचा माणूस घाटकोपरला उतरून चकाला किंवा मरोळ नाक्याला थेट पोहोचतो. बाहेरगावाहून आलेल्या एचआरला हे माहीत असेलच असं नाही. मुलुंडहून मरोळला अर्ज करताना मेलमध्ये 'घाटकोपरहून मेट्रोने येऊ शकते' एवढं लिहिलं तर तो प्रश्न तिथेच मिटतो.

मराठीबद्दल एक गोष्ट मला फार मनापासून सांगायची आहे. आपली मुलं सीव्हीत 'लँग्वेजेस नोन: इंग्लिश, हिंदी, मराठी' लिहून मोकळी होतात. पण महापालिकेच्या वॉर्ड ऑफिसशी, उपनिबंधकांशी, तलाठ्याशी, पोलीस ठाण्याशी जे पत्रव्यवहार बिल्डरच्या, वकिलाच्या, गृहनिर्माण सोसायटीच्या, पतपेढीच्या ऑफिसांना करावे लागतात ते मराठीत असतात, आणि ते शुद्ध, मुद्देसूद लिहिणारी माणसं सहज मिळत नाहीत. शासकीय नमुन्यातलं पत्र लिहिता येत असेल, युनिकोडमध्ये भराभर टाइप होत असेल, सोसायटीच्या वार्षिक सभेचं इतिवृत्त लिहिलं असेल, तर ते काम म्हणून लिहावं. भाषांच्या यादीत ते दडपून टाकू नये.

पहिल्याच नोकरीसाठी निघालेल्यांची तक्रार असते की लिहायला काहीच नाही. बहुतेक वेळा असतं. गणेशोत्सव मंडळाची वर्गणी आणि पावत्यांचा हिशेब एका वर्षी सांभाळला असेल, तर ते रोकड हाताळणं आहे. शेजारच्या मुलांच्या शिकवण्या, काकांच्या दुकानातलं बिलिंग, एनएसएसच्या शिबिराची नोंदवही हेही कामच. एमएस-सीआयटीचा उल्लेख ठेवावा, पण ती परीक्षा २००१ पासून इतक्यांनी दिली आहे की तिच्याने वेगळेपण दिसत नाही; एक्सेलमध्ये प्रत्यक्ष काय बनवलं ते दिसतं. मुलांसाठी किंवा घरातल्या आजारपणासाठी नोकरी सोडलेल्या बाईने मधली वर्षं तारखांच्या खेळात लपवू नयेत. 'कौटुंबिक जबाबदारीसाठी विराम, २०२० ते २०२३' ही एक ओळ पुरते. त्याखाली त्या काळात शिकलेलं काही असेल तर लिहावं, नसेल तर नाही.

पाठवण्याबाबत थोडक्यात. मेलचा विषय म्हणजे पद, अनुभव, राहण्याचं ठिकाण आणि किती दिवसांत रुजू होता येईल. मेलच्या मजकुरात पाच-सहा वाक्यं: जाहिरात कुठे पाहिली, त्यातल्या दोन मुख्य मागण्या कोणत्या आणि त्या कुठे करून झाल्या. सोबत दोन पानांच्या आत पीडीएफ. तिच्या नावात स्वतःचं नाव आणि पद असावं, 'रेझ्युमे फायनल न्यू २' नको. डीटीपीवाल्याकडून कागद केला असेल तर शेवटची घोषणा आणि 'स्थळ' नीट पाहावं. आधीच्या गिऱ्हाइकाचं गाव तिथे राहून गेलेलं असू शकतं.

आणि पैसे कुणालाही देऊ नयेत. नोंदणी शुल्क, युनिफॉर्मची अनामत, लॅपटॉपचं डिपॉझिट, मुलाखतीचा स्लॉट पक्का करायची फी असं काहीही उमेदवाराकडून मागितलं की ते ऑफिस कितीही चकचकीत असो, उठून यावं. ऑनलाइन फसवणूक झालीच तर १९३० या क्रमांकावर लगेच तक्रार नोंदवता येते. पहिल्या काही तासांत कळवलं तर रक्कम वाटेत अडवली जाण्याची शक्यता अधिक असते.

वेगवेगळे कागद पाठवायला लागलं की एक वही किंवा एक्सेल शीट हवीच: तारीख, कंपनी, पद, कोणता कागद पाठवला, आणि जाहिरातीचा स्क्रीनशॉट. कारण जाहिरात पोर्टलवरून उतरते आणि फोन येतो तीन आठवड्यांनी, तोही विरार लोकलच्या गर्दीत. त्या वेळी 'मॅडम, मी गाडीत आहे, बोरिवलीला उतरून दहा मिनिटांत फोन करते' असं सांगावं आणि नाव-नंबर विचारून घ्यावा. प्लॅटफॉर्मवर उतरून वही उघडावी, जाहिरात पुन्हा वाचावी, सध्याचा पगार, अपेक्षित पगार आणि नोटीस पिरियड हे तीन आकडे समोर ठेवावेत, आणि मगच फोन लावावा.